मौनगटातली हाक

सतरा क्रमांकाचा दिवा दर तीस सेकंदांनी एकदा लुकलुकत होता, आणि त्याने लुकलुकायला नको होते.

शलाकाने आधी मनातल्या मनात आकडे मोजले, मग भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिले. तीस सेकंद काहीच नाही, मग एक हिरवी उघडझाप, पुन्हा तीस सेकंद काहीच नाही. गेले नऊ दिवस ती हे पाहत होती आणि अजून कुणालाही तिने सांगितले नव्हते.

शलाका दहा वर्षांची होती. चंद्रावरच्या एका लाव्हानळीत (पूर्वी कधीतरी लाव्हा वाहून गेल्यावर मागे उरलेल्या लांबच लांब पोकळ बोगद्यात) एकशे एकोणचाळीस माणसांची एक वस्ती होती. कागदोपत्री तिचे नाव बरेच मोठे होते. माणसे तिला धोंडवस्ती म्हणत. वस्तीच्या उत्तर टोकाला जाळेघर नावाची एक अरुंद खोली होती. तिथे भिंतीवर एक स्विच बसवलेला होता (स्विच म्हणजे अनेक यंत्रांच्या तारा जिथे एकत्र येतात आणि एकाचा निरोप दुसऱ्याकडे पोहोचवला जातो ती पेटी). त्या पेटीला अठ्ठेचाळीस खोबणी होत्या, आणि प्रत्येक खोबणीवर एक दिवा. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून आणि एरवी शाळा सुटली की शलाका तिथे येऊन बसे. आई गेल्यापासून सगळी माणसे तिच्याशी फार हळू आवाजात बोलत. दिवे मात्र पूर्वीसारखेच वागत.

सतराव्या खोबणीवर करड्या रंगाची पट्टी होती. करडी पट्टी म्हणजे मौनगट. वस्तीत कुणी गेले की तेराव्या दिवशी घरातले सर्वांत वडील माणूस जाळेघरात येई आणि गेलेल्या माणसाच्या नावावरच्या सगळ्या खोबणी स्वतःच्या हाताने गट क्रमांक नऊशे नव्व्याण्णवमध्ये टाकी. आज्ञा टंकून झाली की सगळे मिनिटभर गप्प उभे राहत. त्यानंतर वर्षभर त्या खोबणींना कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. आईच्या खोबणी शलाकाच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, मौनगटात टाकल्या होत्या.

आणि त्यातली एक बोलत होती.

शलाकाच्या मनात एक विचार होता आणि तो ती शब्दांत येऊ देत नव्हती. आईने काहीतरी मागे ठेवले असेल. ते कुणाला तरी हाक मारत असेल.

दहाव्या दिवशी शाळेला सुट्टी होती, आणि तिला राहवेना.

*

आबा घरी एका तारेचे टोक सोलत बसले होते. वस्तीचे सगळे जाळे त्यांनीच विणलेले होते. पण तेराव्या दिवसापासून ते जाळेघरात गेले नव्हते. लागेल ते काम घरच्या पडद्यावरून करत. शलाकाचे बाबा पृथ्वीवर होते आणि त्यांना घेऊन येणारे यान निघायला अजून पाच महिने होते. त्यामुळे घरात ही दोघेच.

“आबा, चहा करू?”

“तू? नको. परवाचा अजून कपाला चिकटून बसलाय.”

“साखर जास्त झाली होती.”

“साखर नव्हे ती. काय होतं ते मी अजून शोधतोय.” आबांनी मान वर केली. “काय विचारायचंय? चहाचं नाव काढतेस म्हणजे काहीतरी विचारायचं असतं.”

शलाका त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. “मौनगटातलं कुणी बोलू शकतं का?”

आबांच्या हातातली पक्कड थांबली. ती त्यांनी खाली ठेवली, मग उचलली, मग पुन्हा खाली ठेवली.

“सणाला भोजनगुहेत पंगत बसते,” ते म्हणाले. “किती पानं असतात?”

“एकशे चाळीस.” ती थांबली. “एकशे एकोणचाळीस.”

“हं,” आबा म्हणाले. “वाढपी एकच आहे असं धर. कुणी म्हणालं, शलाकाला लाडू द्या, आणि तू कुठे बसतेस ते वाढप्याला ठाऊक असलं, तर तो सरळ तुझ्याकडे येईल. स्विच हेच करतो. कोणत्या खोबणीमागे कोणतं यंत्र आहे ते तो ऐकून ऐकून लक्षात ठेवतो. पण कुणी ओरडून विचारलं, इथे गोखले कोण आहेत हो, तर?”

“तर तो सगळ्यांना विचारेल.”

“एकूण एक पानाशी जाऊन. तिला म्हणायचं सर्वांना हाक. यंत्रं अशा हाका सतत मारत असतात, आणि प्रत्येक हाकेला सगळ्यांनाच हातातला घास थांबवून ऐकावं लागतं.”

“मग जेवण कधी होणार?”

“होत नाही. गोंधळ होतो. शिवाय हवेच्या झडपा चालवणारं यंत्र आणि तुम्हा पोरांच्या पाट्या (मुलांचे हातात मावणारे संगणक) एकाच पंगतीत बसवल्या, आणि एखाद्या पाटीने झडपेच्या कानात काही भलतंच सांगितलं, तर आपण सगळे गुदमरू.”

“ती पाटी माझी नसेल. पिनाकची असेल.”

“पिनाकची आई असंच तुझ्याबद्दल म्हणते.” आबांच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला आणि पुन्हा स्थिर झाला. “म्हणून पंगती वेगळ्या करायच्या. पण भिंती बांधायच्या नाहीत, पानं हलवायची नाहीत. वाढप्याला नुसतं सांगून ठेवायचं, ही पानं गट वीस, ती पानं गट चाळीस. वीसमधली हाक वीसमध्येच फिरवायची. मांडीला मांडी लावून बसलेल्या चाळीसला ती ऐकूच जाणार नाही.”

यालाच व्हीलॅन (आभासी स्थानिक जाळे, म्हणजे एकाच पेटीतल्या खोबणींचे नुसत्या आज्ञेने पाडलेले वेगवेगळे गट) म्हणतात, असे त्यांनी सांगितले. साध्या स्विचला हे जमत नाही. त्यासाठी मॅनेज्ड स्विच (सांगितलेले नियम लक्षात ठेवून त्यांप्रमाणे वागणारा स्विच) लागतो. गंमत अशी, की खोबणीत बसलेल्या यंत्राला आपला गट कोणता हे ठाऊकही नसते. ते हाक मारते आणि समजते, की सगळ्या जगाने ती ऐकली.

“आणि वीसमधल्याला चाळीसमधल्याशी बोलायचं असलं तर?”

“मग राउटर लागतो (गटागटांच्या सीमेवर बसून निरोप तपासून पलीकडे सोडणारे यंत्र). तो द्वारपाल. मौनगटाला द्वारपाल दिलेला नाही. पुस्तकात तो गट वापरात नसलेल्या खोबणींसाठी असतो, कुणी चोरून तार खोचली तरी त्याला कुठेच जाता येऊ नये म्हणून. आपल्या वस्तीने त्याचं मौनगट केलं.”

“म्हणजे तिथलं कुणीही बोलू शकतं,” शलाका सावकाश म्हणाली.

“बोलू शकतं. ऐकायला कुणी नसतं, एवढंच.”

“सतरा नंबर बोलतोय, आबा. दर तीस सेकंदांनी.”

आबा तिच्याकडे न पाहता म्हणाले, “मला माहीत आहे.”

“कधीपासून?”

“तेराव्यापासून. इथे पडद्यावर दिसतं.”

“मग कोण आहे ते विचारलं का नाहीत?”

“विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, बाळ.”

शलाकाला ते समजले. तिनेही नऊ दिवस कुणाला विचारले नव्हते. पण आता प्रश्न दोघांच्या मध्ये जमिनीवर येऊन बसला होता आणि त्याला उठवून लावणे दोघांनाही शक्य नव्हते. आबा उठले आणि पडद्यापाशी गेले.

प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक जन्मक्रमांक मिळतो, आणि स्विच आपल्या प्रत्येक खोबणीसमोर तो लिहून ठेवतो. सतरासमोर बारा आकडे-अक्षरांचा क्रमांक होता. आबांनी वस्तीच्या यंत्रांची नोंदवही उघडली आणि बोट फिरवत खाली खाली गेले. शलाका त्या बोटाकडे पाहत होती. बोट थांबले.

“कंपमापक,” आबा म्हणाले (जमिनीची अतिसूक्ष्म थरथर टिपणारे यंत्र). “तिने शेवटी नेऊन ठेवला तो.”

“त्यात आईचा आवाज असतो का?”

“नाही.”

“काही लिहिलेलं?”

“आकडे असतात. नुसते आकडे.”

शलाकाने मान हलवली. ती रडली नाही. पण नऊ दिवस जे तिने कुणाला सांगितले नव्हते, ते आता सांगण्यासारखे राहिलेच नव्हते, आणि तिच्या हातांना काय करावे ते कळेना. तिने आबांनी सोललेली तार उचलली आणि तिचे आठ रंगीत धागे वेगळे करू लागली.

आबा अजून नोंदवहीकडेच पाहत होते. त्यांचा आवाज बदललेला होता.

“चूक माझी आहे. हा इथे नसायला हवा होता.”

धोंडवस्तीत एक पद्धत होती. जो कुणी एखादे यंत्र बाहेर नेऊन ठेवी, ते यंत्र त्याच्याच नावावर राही. त्याने त्याचे पहिले वाचन (यंत्राने टिपलेली माहिती) हाती घेतले, की मग ते वस्तीच्या नावावर चढे. आईने कंपमापक ठेवला, आणि परतताना तिची गाडी विवराच्या कडेवरून घसरली. पहिले वाचन हाती घेणारे कुणी उरलेच नाही. म्हणून तेराव्या दिवशी आबांसमोर जी यादी आली, तिच्यात दोन ओळी होत्या. एक आईच्या टेबलावरच्या संगणकाची, आणि दुसरी सतरा नंबरची.

“मी वाचलं नाही,” आबा म्हणाले. “नाव तिचं होतं. तेवढंच दिसलं.”

“मग आईच्या संगणकात त्याचे आकडे आलेच नसतील?”

“तो तिने सकाळी निघतानाच बंद केला होता. बाहेर जाणाऱ्याने आपलं यंत्र बंद करून जायचं, वीज वाचवायला. तेराव्यानंतर तो दवाखान्याला दिला, सगळं पुसून.” आबांनी कपाळावर हात ठेवला. “कंपमापक तेव्हापासून तिलाच शोधतोय. आकडे कुणाला द्यायचे, एवढंच विचारतोय.”

“आणि कुणी घेतलेच नाहीत तर?”

आबांनी नोंदवहीतली ती ओळ पुन्हा वाचली, आणि मग घड्याळाकडे इतक्या झटकन पाहिले, की शलाकाही उठून उभी राहिली.

“याची स्मृती चाळीस दिवसांची आहे,” ते म्हणाले. “ती भरली, की नव्या आकड्यांसाठी सगळ्यांत जुने पुसले जातात. तिने तो दुपारी तीन चाळीसला सुरू केला. आज चाळीस दिवस भरतात.”

“सगळ्यांत जुने म्हणजे कोणते?”

“त्या दुपारचे. ठेवल्याबरोबरचे.”

“आई तिथे उभी होती तेव्हाचे?”

“हो,” आबा म्हणाले. “जमिनीला सगळं ऐकू जातं.”

पडद्यावर साडेअकरा वाजले होते.

*

“सतराला मौनगटातून बाहेर काढा,” शलाका म्हणाली.

“नियम आहे. वर्षाच्या आत काढायचं तर साऱ्या वस्तीची सभा लागते. सभा रविवारी.”

“मग मलाच आत घाला.”

आबांनी तिच्याकडे पाहिले.

“त्याला बाहेर काढायचं नाही ना? नका काढू. माझ्या पाटीची खोबण मौनगटात टाका. मी आत जाऊन ऐकते.”

आबांनी टाचणवहीचे एक पान ओढले आणि त्यावर दोन चौकोन काढले.

“हा उत्तरेचा स्विच, हा दक्षिणेचा. आपलं घर दक्षिणेच्या स्विचवर आहे. दोघांना जोडणारी ही एकच जाड तार. हिला ट्रंक म्हणतात (दोन स्विचमधली, अनेक गटांचे निरोप एकत्र वाहून नेणारी मुख्य वाहिनी). आता सांग, वीस, तीस, चाळीस, सगळ्या गटांचे निरोप एकाच तारेतून गेले, तर पलीकडे कुणाचं काय ते कसं कळणार?”

“नंबर लिहायचा.”

“बरोबर. तारेत शिरताना प्रत्येक निरोपाला गटाच्या क्रमांकाची चिठ्ठी लावतात. पलीकडचा स्विच ती वाचतो, काढून टाकतो आणि निरोप त्या गटातच वाटतो. चिठ्ठी लागते आणि निघते, यंत्रांना पत्ताही नसतो. पण ट्रंकच्या तोंडाशी एक यादी असते. यादीत ज्या गटाचा क्रमांक, त्यालाच तारेत प्रवेश. नऊशे नव्व्याण्णव त्या यादीत नाही. इथला मौनगट आणि तिथला मौनगट, नाव एक, क्रमांक एक, पण एकमेकांचं काही ऐकू जात नाही.”

शलाकाने त्या दोन चौकोनांकडे पाहिले. “मग पाटी घेऊन तिकडेच जावं लागेल.”

“हो.”

“तुम्ही याल?”

आबांनी चपला शोधायला सुरुवात केली. त्या त्यांच्या पायातच होत्या.

वाटेत वस्तीच्या व्यवस्थापक मेहरुन्निसा मावशींची कचेरी लागे. मावशी उंच होत्या, आणि बोलताना समोरच्याला थोडे चिमटे काढल्याशिवाय त्यांचे वाक्य पुरे होत नसे. आबांनी सगळे सांगितले, आपली चूकही. मावशींनी चष्मा वर सरकवून नियमांचे पान काढले आणि दोनदा वाचले.

“मौनगटातली खोबण वर्षभर बाहेर काढू नये, असं आहे,” त्या म्हणाल्या. “आत जाणाऱ्याबद्दल काही नाही. नियम लिहिणारे सगळे मोठे होते. तिथे कुणी आपण होऊन जाईल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नसणार.” मग आबांकडे वळून, “आणि तुम्ही काका, सत्तावीस दिवस माझ्याशी बोलला नाहीत. जाळं तुम्ही विणायचं आणि स्वतःच त्यात तोंड लपवून बसायचं?”

“चुकलं.”

“ते आत्ता म्हणालात की. एकदाच पुरे.” त्यांनी शलाकाच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा आवाज मात्र मुळीच हळू झाला नाही. “नव्या वर्गांसाठी उत्तरेची नळी उघडायची की नाही, हे तुझ्या आईच्या, मैत्रेयीच्या, त्या आकड्यांवर ठरणार होतं. छप्पर किती थरथरतं ते पाहायला. तेव्हा हे वस्तीचं काम आहे, असं मी लिहून ठेवते. जा.”

*

जाळेघराच्या दाराशी आबा थांबले. शलाकाने त्यांचा हात धरला नाही. फक्त दार उघडे धरून उभी राहिली. थोड्या वेळाने ते आत आले.

अडतिसावी खोबण रिकामी होती. आबांनी आज्ञा टंकली, गट नऊशे नव्व्याण्णव, आणि अडतीसवर करडी पट्टी चिकटवली. वर्षानुवर्षे हेच काम केलेली त्यांची बोटे या वेळी दोनदा चुकली. शलाकाने आपल्या पाटीची तार खोबणीत खोचली.

पाटीवरून सगळे नाहीसे झाले. शाळेचे फलक, मैत्रिणींचे निरोप, बाबांचे सकाळचे पत्र, हवेचा दाब दाखवणारा कोपऱ्यातला काटा, सारे एकेक करून पुसट होत गेले. वस्ती तिच्या पाठीशी चार पावलांवर होती, आणि पाटीच्या दृष्टीने कुठेच नव्हती. मौनगट आतून असा असतो, हे शलाकाने पाहिले. त्यात भयानक काही नव्हते. फार मोकळे होते, एवढेच.

मग पाटीवर एक ओळ उमटली.

पत्ता बारा कुणाचा? ज्याचा असेल त्याने पत्ता एकेचाळीसला सांगावे.

“ऐकू आला,” शलाका कुजबुजली.

तीस सेकंदांनी तीच ओळ पुन्हा आली. आणि पुन्हा.

“बारा म्हणजे?”

“तिच्या संगणकाचा पत्ता. एकेचाळीस कंपमापकाचा,” आबा म्हणाले. “जन्मक्रमांक कारखान्यातला असतो, तो बदलत नाही. पत्ता आपण दिलेला असतो, तो बदलता येतो. तुझ्या पाटीचा सत्त्याहत्तर आहे, म्हणून ती ऐकते आणि गप्प बसते. तिला वाटतं, हाक दुसऱ्या कुणासाठी आहे.”

“म्हणजे मी बारा घ्यायचा.”

“घेता येईल. एकाच गटात एक पत्ता दोघांचा असला तर भांडण होतं. पण इथे...”

शलाकाने पाटीच्या पत्त्याचा रकाना उघडला. सत्त्याहत्तर पुसले. चौकोन रिकामा झाला आणि त्यात एक काडी उघडझाप करू लागली. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. वेळ भरपूर होता. तरी तिचा हात पुढे होईना. तो आकडा लिहिला, की त्या यंत्राला वाटणार होते, आई सापडली.

“आपण त्याला फसवतोय का, आबा?”

आबा तिच्याशेजारी जमिनीवर बसले. त्यांचे गुडघे वाजले.

“ते कुणा माणसाला शोधत नाहीये, शलाका. त्याला मैत्रेयी कोण ते माहीत नाही. त्याच्यापाशी तिने एक काम ठेवलंय आणि ते काम कुणाच्या तरी हाती द्यायचंय. जो कुणी म्हणेल, मी घेतो, त्याला ते देईल. यात फसवणूक नाही.” त्यांनी सतरावरच्या करड्या पट्टीकडे पाहिले. “मला जमलं नाही. तुला जमत नसेल, तरी मी काही म्हणणार नाही.”

शलाकाने एक लिहिले. मग दोन.

हाक आली. या वेळी पाटीने उत्तर दिले. बारा माझा. सतरा नंबरचा दिवा एकदा लुकलुकला, पुन्हा लुकलुकला, आणि मग थांबेचना. अडतीसचा दिवाही त्याच्याबरोबर थरथरू लागला. चाळीस दिवस साठवलेले सगळे आकडे त्या दोन खोबणींमधून ओघाने येऊ लागले.

आकडे पाटीवर रेघ होऊन उतरत होते. सुरुवातीला तीन उंच टोके.

“तिने यंत्राच्या खुंट्या ठोकल्या,” आबा म्हणाले.

त्यापुढे लहान लहान टोकांची माळ होती, प्रत्येक मागच्यापेक्षा थोडे बुटके. शलाकाने ती मोठी करून पाहिली. टोके सारखी नव्हती. एकापुढे मोठी फट, दुसऱ्यापुढे लहान. मोठी, लहान. मोठी, लहान.

आबा पुढे वाकले. “डावा गुडघा,” ते म्हणाले. “शाळेत खो-खो खेळताना दुखावला होता. इथे वजन सहावा हिस्सा झालं, तरी डाव्या पायावर भार द्यायची नाही.”

“ही आई चालतेय.”

“गाडीकडे.”

शलाका एकेक टोक बोटाने मोजत गेली. चौसष्ट पावले. मग काही नाही. मग माळ पुन्हा सुरू झाली, पण उलट. टोके मोठी मोठी होत आली. आई परत फिरली होती. अगदी यंत्रापाशी येऊन ती थांबली होती, वीस सेकंद, आणि मग पुन्हा मोठी फट, लहान फट, दूर दूर गेली होती.

“काय विसरली होती?”

“काही नाही.” आबांनी चष्मा काढून हातात धरला. “ती प्रत्येक गोष्ट एकदा परत येऊन बघायची. शेगडी, दार. तू झोपलीस की तुझं पांघरूण. मी किती चिडवायचो तिला.”

शलाकाने त्या वीस सेकंदांच्या सपाट रेघेवर बोट ठेवले. तिथे काहीच उमटलेले नव्हते. तिथे आई स्थिर उभी होती.

त्यानंतर गाडीची बारीक, एकसारखी कापरी रेघ होती. ती विरळ होत गेली. त्याच्याही पुढे, सोळा मिनिटांनी, एकच टोकदार रेघ होती. आबांनी ती पाहिली. शलाकानेही पाहिली. दोघांपैकी कुणी ती मोठी करून पाहिली नाही. मग पुढे दिवसांमागून दिवस चंद्राची स्तब्धता होती.

त्या अरुंद खोलीत शलाका आबांच्या कुशीत तोंड खुपसून खूप वेळ रडली, आणि आबाही रडले. बाहेरून कुणीतरी येऊन दार ढकलले आणि काही न बोलता पुन्हा लावून घेतले.

तीन चाळीसला दोघेही घड्याळाकडे पाहत होते. क्षण आला आणि गेला. तिकडे कंपमापकाच्या पोटातली सगळ्यांत जुनी नोंद पुसली गेली असेल. इथे ती होती.

“आता उरलेलं वाचू या,” आबा म्हणाले. “तिचं काम ते आहे.”

उरलेले वाचायला संध्याकाळ झाली. एकोणिसाव्या दिवशी एक मंद, लांबट थरथर होती. ती खोल कुठून तरी आली होती, आबा म्हणाले, छपरातून नव्हे. छप्पर चाळीस दिवस शांत होते. मेहरुन्निसा मावशी येऊन पाटीवर वाकल्या. त्यांनी रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. सुरुवातीची माळ काय आहे ते कुणी सांगितले नाही, आणि त्यांनीही विचारले नाही. फक्त तेवढ्या जागी त्या जरा जास्त वेळ थांबल्या.

“रविवारी सभेत मांडते,” त्या म्हणाल्या. “सतराचं काय करायचं तेही मांडते. तोवर याची हाक कोण घेणार?”

“मी,” शलाका म्हणाली. “शाळेनंतर. रोज.”

मावशी गेल्या. शलाका तार काढण्यापूर्वी पाटीवरच्या ताज्या, सपाट रेघेकडे पाहत राहिली.

“आबा, नवे वर्ग खरंच त्या नळीत झाले, तर यंत्राच्या किती जवळ असतील?”

“फार लांब नाही. पन्नास-साठ पावलं.”

“मग आम्ही सगळे मधल्या सुट्टीत धावलो, की ते सगळं याच्यात उमटेल?”

आबांनी विचार केला. पिनाक, शलाका आणि आणखी बावीस मुले, सहाव्या हिश्श्याच्या वजनाने एकाच वेळी उड्या मारत सुटलेली.

“उमटेल,” ते म्हणाले. “पण कोणतं पाऊल कुणाचं, ते कुणालाही वाचता यायचं नाही.”